कॅज्युअल्टीतली गर्दी कुणाची? तीन मंत्र्यांना एकच खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य
मा. पालकमंत्री, सोलापूर जिल्हा

विषय : सरकारी रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागातली गर्दी आणि तिची जबाबदारी

महोदय,

तिघांना मिळून एकच पत्र लिहिते आहे. वेगवेगळी तीन लिहिली असती तर काय झालं असतं, ते सरकारी नोकरीत केस पांढरे झालेल्या बाईला कुणी सांगायला नको. आरोग्य विभागाने ‘सदर रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत असल्याने’ म्हणून पत्र पुढे सरकवलं असतं, वैद्यकीय शिक्षणाने ‘रुग्णांचा ओघ ग्रामीण रुग्णालयांकडून येत असल्याने’ म्हणून परत पाठवलं असतं, आणि पालकमंत्र्यांच्या कार्यालयातून ‘नियमानुसार उचित कार्यवाही करावी’ असा शेरा मारून ते जिल्हाधिकारी कचेरीत येऊन पडलं असतं. रुग्णांचंही असंच होतं.

मी परिचारिका होते. नोकरी वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या सरकारी रुग्णालयांत झाली; त्यातला बराच काळ कॅज्युअल्टीत आणि तोही रात्रपाळीत. आता सोलापुरात घरी असते. शेजारपाजारी, नात्यात कुणाला रात्री काही झालं की फोन येतो, ‘सिस्टर, कुठं नेऊ?’ खिशात पैसे असलेला माणूस हा प्रश्न विचारत नाही, त्याला ठाऊक असतं. विचारतो तो ज्याला सिव्हिलशिवाय गत्यंतर नाही असा. मग मी सांगते, सिव्हिलला न्या, आणि सोबत चार माणसं न्या. एक केसपेपरला, एक ट्रॉली ओढायला, एक औषधाला आणि एक रुग्णाजवळ.

आपल्यापैकी जे बाहेरून येतात त्यांच्यासाठी सोलापूरची मांडणी थोडी सांगते. आम्ही ज्याला अजून सिव्हिल म्हणतो ते छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. ते १९६३ साली सुरू झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाचं. अक्कलकोटचं ग्रामीण रुग्णालय, पंढरपूरचं उपजिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं. खेड्यातली प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेची. शहरातले दवाखाने आणि प्रसूतिगृहं महापालिकेची, म्हणजे पुन्हा नगरविकास. अक्कलकोट तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर रात्री कुणाच्या छातीत कळ आली, तर तो माणूस सकाळ व्हायच्या आत तीन खात्यांच्या हद्दी ओलांडतो. प्रत्येक हद्दीवर नवा केसपेपर निघतो. आणि या सगळ्यांच्या वर, ‘या जिल्ह्यात आज रात्री अत्यवस्थ माणसाची सोय लावणं ही माझी जबाबदारी’ असं म्हणणारा एकही अधिकारी शासनाने नेमलेला नाही.

माझं म्हणणं तेवढंच आहे. बाकी पत्र त्याचाच खुलासा.

गर्दीची बातमी झाली की काय होतं ते आपल्या परिचयाचं आहे. पाहणी दौरा निघतो. कॅमेरे येतात. ड्युटीवरच्या सी.एम.ओ.ला, म्हणजे कॅज्युअल्टीतल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला, चारचौघांत झापलं जातं, अधिष्ठात्यांकडून खुलासा मागवला जातो, आणि बदली किंवा निलंबन जाहीर होतं. (दौऱ्याच्या आदल्या रात्री स्टोअरमधून नव्या चादरी निघतात, त्या मीही अंथरल्या आहेत.) २०२३ साली सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागताना नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालकं होती. त्याच्या आधी ऑगस्टमध्ये कळव्याला ठाणे महापालिकेच्या रुग्णालयात एका दिवसात १८. नांदेडला एका खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन स्वच्छतागृह साफ करायला लावलं, सगळ्या महाराष्ट्राने ते पाहिलं. प्रशासनाचं म्हणणं होतं की, बरेच रुग्ण फार उशिरा, शेवटच्या अवस्थेत आले होते. ते खरं धरून चालू. मग पुढचा प्रश्न विचारायला हवा होता, तो उशीर कुठे झाला? कोणत्या तालुक्यात, कोणत्या रुग्णालयाच्या दारात, किती तास? तो उशीर अधिष्ठात्यांच्या हातात नसतो, तो आपल्या हातात असतो. झाडू त्या प्रश्नाच्या आड आला.

सोलापूरच्या कॅज्युअल्टीत कोण येतं ते बघा. पुणे–हैदराबाद महामार्ग शहराला लागून जातो, विजापूरचा रस्ता, धाराशिवहून येणारा रस्ता, सगळे इथे मिळतात. ऊसतोडीच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या अंधारात रस्त्यावर उभ्या असतात आणि मोटरसायकलवाले त्यांच्यावर जाऊन आदळतात. पावसाळ्यात सर्पदंश. रागाच्या भरात फवारणीचं औषध पिऊन आलेली तरणी पोरं बारमाही. एप्रिल-मेमध्ये उन्हाने कोसळलेले बांधकामावरचे मजूर. आणि रोजचे : अर्धांगवायू, छातीत दुखणं, दम लागलेली म्हातारी माणसं, अडलेली बाळंतीण. जिल्हाच २०११ च्या जनगणनेत ४३ लाखांवर होता, त्यात तुळजापूर, उमरग्याकडचे येतात, कर्नाटकातून इंडी, आळंद, अफजलपूरचे येतात. कुणी म्हणेल, कर्नाटकचे रुग्ण आपण का घ्यायचे? घ्यायचेच. बाई कळा देत असताना तिचं आधार कार्ड कोणत्या राज्याचं हे मी कधी पाहिलं नाही आणि पुढच्या सिस्टरनेही पाहू नये. पण त्या रुग्णांचा आकडा मुंबईत खाटा आणि औषधं मंजूर करणाऱ्याच्या टेबलावर पोचायला हवा. मंजुरी जर कागदावरच्या खाटांवर होत असेल आणि रुग्ण नकाशावरच्या सगळ्या रस्त्यांनी येत असतील, तर पहिल्याच दिवशी हिशेब चुकलेला आहे.

आता ‘रेफर’ची, म्हणजे रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठवण्याची गोष्ट. ग्रामीण रुग्णालयातला डॉक्टर चिठ्ठी लिहून मोकळा होतो, अशी तक्रार शहरातले डॉक्टर करतात. मी दोन्हीकडे राहिले आहे. रात्री दोन वाजता अडलेल्या बाईचं सिझेरियन करायचं तर स्त्रीरोगतज्ज्ञ लागतो, भूल देणारा लागतो, बाळ घ्यायला बालरोगतज्ज्ञ लागतो आणि रक्ताची पिशवी लागते. या चारांतलं एक नसलं तर उरलेले तीन असून नसून सारखे. पद भरताना मात्र शासन ‘चारपैकी तीन भरली’ असं मोजतं. त्या हिशेबाने रुग्णालय पंचाहत्तर टक्के चालू. बाईच्या हिशेबाने बंद. मग तिथला वैद्यकीय अधिकारी चिठ्ठी लिहितो, आणि ती लिहिणं योग्यच असतं. न लिहिता तिला तिथेच ठेवणं हा गुन्हा ठरेल. अक्कलकोटहून सोलापूर चाळीसेक किलोमीटर, पंढरपूरहून सत्तरच्या पुढे, करमाळा आणि अकलूजहून शंभरावर. एवढ्या अंतरात काय काय होतं ते १०८ रुग्णवाहिकेवरच्या डॉक्टरांना विचारा.

१०८ चांगली योजना आहे, मी तिची चेष्टा ऐकून घेत नाही. २०१४ साली सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या, त्यांतल्या २३३ प्रगत जीवनरक्षक आणि बाकीच्या ७०४ प्राथमिक. पण गाडी कॅज्युअल्टीच्या दारात आली आणि आत ट्रॉली रिकामी नसली, की रुग्ण गाडीच्याच स्ट्रेचरवर पडून राहतो. स्ट्रेचर अडकलं की गाडी अडकली. गाडी अडकली की तिकडे मोहोळला दुसरा अपघात झालेला माणूस रस्त्यावर वाट बघतो. गर्दी आतली, तिचा फटका चाळीस किलोमीटरवरच्या माणसाला. हे कुठल्याही पाहणी दौऱ्यात दिसत नाही, कारण दौरा इमारतीच्या आत असतो.

आणि आतली गर्दी तरी कशाने होते? सगळ्यांना वाटतं, फार लोक येतात म्हणून. येणारे जास्त आहेतच. पण कॅज्युअल्टी भरते ती मुख्यतः पुढे जाणारी वाट बंद असते म्हणून. मोरी तुंबल्यावर पाणी घरभर होतं, तेव्हा नळाला दोष देऊन उपयोग नसतो. कीटकनाशक प्यायलेल्या रुग्णाला व्हेंटिलेटरवर कित्येक दिवस ठेवावं लागतं. आय.सी.यू. भरलेलं, वॉर्ड भरलेला, म्हणून तो कॅज्युअल्टीतच राहतो. मग कॅज्युअल्टीचे सी.एम.ओ. आणि दोन सिस्टर त्याचं आय.सी.यू. चालवतात, आणि त्याच वेळी दारातून नवे येत राहतात. व्हेंटिलेटर नसेल तर नातेवाइकाच्या हातात अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, देतात आणि शिकवतात, ‘असं दाबत राहा, थांबू नका.’ एका बापाला मी रात्रभर दाबताना पाहिलं आहे. कुठल्या गावी, कुठल्या रुग्णालयात ते इथे महत्त्वाचं नाही; आपल्या प्रत्येक जिल्ह्यात असा बाप सापडेल.

वॉर्डातूनही लोक बाहेर पडत नाहीत, कारण त्यांना नेणार कुठे? अर्धांगवायूचा म्हातारा सावरला, आता त्याला तीन आठवडे नाकातल्या नळीने जेवण आणि व्यायाम एवढंच हवं. ते तालुक्याच्या रुग्णालयात होऊ शकतं, तिथे खाटा रिकाम्याही असतात. पण ते दुसऱ्या खात्याचं. खालून वर रेफर करायला चिठ्ठी पुरते, वरून खाली परत पाठवायला कुठलीच व्यवस्था नाही. ‘परत रेफर’ हा शब्द मी अख्ख्या नोकरीत बैठकीत ऐकला, वॉर्डात कधी नाही.

नीती आयोगाने एम्सकडून देशभरातल्या रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांची पाहणी करून घेतली होती, तिचे अहवाल २०२१ साली आले. त्यात दिसलं की रुग्णालयाच्या एकूण खाटांपैकी ३ ते ५ टक्के खाटाच आपत्कालीन विभागाच्या वाट्याला असतात. भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांच्या २०२२ च्या आवृत्तीत दर हजार लोकांमागे निदान एक खाट हवी आणि खरं तर दोन हव्यात असं लिहिलेलं आहे. सोलापूर जिल्ह्याच्या लोकसंख्येला लावून बघा. २०११ चा आकडा धरला तरी किमान ४,३०० खाटा होतात. आपल्या खात्यांकडे खऱ्या खाटांची संख्या आहेच. दोन्ही आकडे शेजारीशेजारी छापा, एवढंच मी म्हणते.

‘सर्दी-खोकल्याचे लोक येऊन गर्दी करतात’, हे मी मंत्रालयातून आलेल्या साहेबांच्या तोंडून अनेकदा ऐकलं. मला ते पटलेलं नाही. सर्दी-खोकल्याचा माणूस रांग वाढवतो, खाट अडवत नाही; गोळी घेऊन पंधरा मिनिटांत जातो. आणि तो रात्री का येतो? विडी वळणारी बाई हजाराच्या हिशेबाने मजुरी घेते. ती सकाळच्या ओपीडीला तीन तास बसली तर तिची दिवसाची मजुरी गेली. यंत्रमागावरच्या माणसाची पाळी रात्री सुटते. २०२३ च्या १ मेपासून ‘आपला दवाखाना’ राज्यभर सुरू झाला, त्याची वेळ दुपारी दोन ते रात्री दहा ठेवली. हे ज्याने कुणी ठरवलं त्याला लोकांचं जगणं कळत होतं. तसे दवाखाने पूर्व भागात, विडी घरकुलात, कुंभारीकडे खरोखर डॉक्टर आणि औषधांसह चालले तर ही रांग आपोआप कमी होईल. पण म्हणून तिला मुख्य कारण मानू नका. मुख्य कारण वर लिहिलं ते आहे.

नातेवाइकांचा राग डॉक्टरांवर निघतो. २०१० साली आपण डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा केला, दारात सुरक्षारक्षक उभे केले. हवेतच, मार खाल्लेली पोरं मी पाहिली आहेत. पण कॅज्युअल्टीत त्या वेळी कोण असतं? बहुतेकदा पंचविशीतला निवासी डॉक्टर. १९९२ च्या केंद्राच्या निवासी डॉक्टर योजनेत आठवड्याला ४८ तासांची ड्युटी लिहिली आहे. कोणत्याही निवासी डॉक्टरला ती सांगून बघा, हसेल. त्याच्यासमोर ज्या माणसाचं लेकरू ट्रॉलीवर तडफडतं, त्याला शासन म्हणून समोर दिसतो तो हाच पोरगा. ‘बेड नाही’ हे वाक्य आपण घेतलेल्या निर्णयांचं असतं, उच्चारायचं काम त्याच्याकडे असतं.

कायद्याचं म्हणाल तर कायदा जुना आणि स्पष्ट आहे. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात सांगितलं की जखमीचा जीव वाचवणं आधी, पोलिसी कागदपत्रं नंतर, आणि हे सरकारी-खासगी सगळ्या डॉक्टरांना लागू. तो निकाल बराचसा रुजला. एम.एल.सी.साठी, म्हणजे पोलिसी नोंदीसाठी, आता सहसा कुणी उपचार थांबवत नाही.

पण त्याहून मोठा निकाल १९९६ चा, पश्चिम बंगालच्या खेत मजदूर समितीच्या खटल्यातला, तो आपल्या कचेऱ्यांतून कुणी वाचत नाही. समितीचा एक सदस्य १९९२ च्या जुलैत संध्याकाळी रेल्वेगाडीतून पडला. डोक्याला मार. मथुरापूरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सोय नव्हती म्हणून त्याला पुढे पाठवलं. मध्यरात्रीच्या सुमारास कोलकात्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पोचला, तिथे एक्स-रे काढले, ताबडतोब भरती करायला हवं असं लिहिलं, आणि बेड नाही म्हणून भरती केलं नाही. दुसरं रुग्णालय, तिसरं, चौथं. एका ठिकाणी स्कॅन झाला, मेंदूत रक्तस्राव दिसला, तिथेही बेड नव्हता. सगळी सरकारी. शेवटी खासगी रुग्णालयाने घेतलं, खर्च सुमारे १७,००० रुपये आला. न्यायालयाने राज्य सरकारला २५,००० रुपये भरपाई द्यायला लावली आणि म्हटलं की वेळेवर उपचार न देणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे. पैसे नाहीत ही सबब शासनाला सांगता येणार नाही. डॉक्टरांनी हयगय केली का, हा प्रश्न तिथे होता, पण न्यायालय तिथे थांबलं नाही. प्राथमिक केंद्रं सक्षम करा, जिल्हा आणि उपविभागीय रुग्णालयांत गंभीर रुग्णांची सोय करा, खाटा वाढवा, कुठे खाट रिकामी आहे हे एका ठिकाणी कळेल अशी मध्यवर्ती संपर्कव्यवस्था करा, रुग्णवाहिका सुसज्ज करा, असं बजावलं. आणि बाकीच्या राज्यांनीही तेच करावं, हेही त्यात आहे. म्हणजे आपण. म्हणजे महाराष्ट्र.

त्या प्रकरणात सरकारनेच नेमलेल्या चौकशी समितीने म्हटलं होतं की अत्यवस्थ माणसाला परत पाठवू नका. अगदीच वेळ आली तर ट्रॉलीवर, जमिनीवरही ठेवा, पण घ्या. चांगल्या मनाने लिहिलेलं वाक्य. आपल्या सरकारी रुग्णालयांनी ते अक्षरशः पाळलं, ‘फ्लोअर बेड’ ही कायमची सोय झाली. न्यायालयाने त्याच्या बरोबर जे बाकीचं सांगितलं होतं, ते मात्र कुणी केलं नाही. फरशीवर गादी टाकणं हे सिस्टरच्या हातात होतं, ते झालं. जे मंत्र्यांच्या हातात होतं ते राहिलं.

मध्यवर्ती संपर्कव्यवस्था अवघड आहे म्हणू नका. कोविडमध्ये आपणच ती करून दाखवली. २०२० च्या मे महिन्यात शासनाने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांवर नियंत्रण घेतलं, वॉर रूम उघडल्या, कुठे ऑक्सिजनचा बेड आहे ते फोनवर कळायला लागलं. त्रुटी होत्या, पण यंत्रणा होती. लाट ओसरली आणि यंत्रणाही गुंडाळली. त्या रुग्णांना बेड लागत होता तसा आजच्या हृदयविकाराच्या रुग्णालाही लागतो.

आणि आमच्या जिल्ह्यात तर दरवर्षी याहून मोठा पुरावा समोर येतो. आषाढी वारी. लाखो माणसं पंढरपुरात येतात. शासन वाटेवर आरोग्य पथकं लावतं, तात्पुरते अतिदक्षता कक्ष उभारतं, रुग्णवाहिका पेरतं, इतर जिल्ह्यांतून डॉक्टर आणि सिस्टर बोलावतं. २०२३ पासून ‘आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी’ म्हणून मोठी शिबिरं झाली. त्या पंधरवड्यात सार्वजनिक आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, जिल्हा परिषद, नगरपालिका सगळे एका नियंत्रण कक्षाखाली काम करतात, कोण कुणाच्या अखत्यारीत हे कुणी विचारत नाही. कारण त्या पंधरवड्यात एक माणूस जबाबदार असतो आणि त्याच्यावर सगळ्यांचं लक्ष असतं. द्वादशी झाली की मंडप उतरतात, बोलावलेले डॉक्टर आपापल्या जिल्ह्याला जातात, आणि पंढरपूर तालुक्यातला रुग्ण पुन्हा रेफरची चिठ्ठी घेऊन सोलापूरच्या रस्त्याला लागतो. वारकऱ्यांसाठी केलेलं सार्थकी लागलं, त्याबद्दल शासनाचे आभारच मानते. पण मग जमत नाही असं तरी सांगू नका.

पैशाचं थोडक्यात. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पातले ८ टक्क्यांहून अधिक आरोग्यावर खर्च करावेत असं म्हटलं, मुदत २०२०. पंधराव्या वित्त आयोगाने तेच सांगून २०२२ पर्यंतचा वेळ दिला. महाराष्ट्र त्या ८ टक्क्यांच्या आसपासही गेलेला नाही, आणि हे देशातलं श्रीमंत राज्य. दरम्यान नवी वैद्यकीय महाविद्यालयं मात्र निघतात. २०२४ च्या ऑक्टोबरात एका दिवशी दहांचं उद्घाटन झालं. व्हायला हवीत. फक्त नव्या महाविद्यालयाची तपासणी आली की जुन्या रुग्णालयातले प्राध्यापक प्रतिनियुक्तीवर तिकडे जातात, हे मी नोकरीत असताना पाहिलेलं आहे. त्या दिवसांत जुन्या ठिकाणी रात्री कोण असतं, हे कुणी तपासत नाही.

योजनांचंही असंच. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ साली पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होतं. पुढे तिला महात्मा जोतीराव फुले यांचं नाव मिळालं. तिने खूप लोकांच्या अँजिओप्लास्टी केल्या, मान्य. पण ती ठरलेल्या शस्त्रक्रियांचे आणि उपचारांचे पैसे देते. रात्री पहिले चार तास माणूस जगवायला लागणारी सिस्टर, ट्रॉली ओढणारे मामा, चालू असलेला सक्शन पंप, हे कुठल्याच पॅकेजमध्ये बसत नाही. २०२५ च्या मेपासून रस्ते अपघातातल्या जखमींना सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे रोखरहित उपचार मिळतील असं केंद्राने अधिसूचित केलं. उत्तम. आता त्याला घेणारा बेड द्या. आणि २०२३ च्या १५ ऑगस्टपासून उपचार मोफत केल्याची घोषणा झाली ती सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांपुरती. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्या निर्णयात नव्हती. तालुक्याला फुकट, आणि तिथे जमत नाही म्हणून जिथे पाठवलं तिथे पावती. हे दोन मंत्र्यांनी एका टेबलावर बसून ठरवलं असतं तर असं झालं नसतं.

जातीचा दाखला, रहिवासी दाखला किती दिवसांत द्यायचा याला आपल्याकडे २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. उशीर झाला तर अधिकाऱ्याला दंड आहे. कॅज्युअल्टीत आलेल्या माणसाला डॉक्टरने किती मिनिटांत बघावं आणि किती तासांत वॉर्डात न्यावं, याला काहीच मुदत नाही. इंग्लंडमध्ये २००४ पासून चार तासांचं बंधन आहे. तिथेही ते आता पाळलं जात नाही, गेली दहा वर्षं नाही; पण दर महिन्याला प्रत्येक रुग्णालयाचा आकडा छापला जातो आणि आरोग्यमंत्र्याला त्याचं उत्तर संसदेत द्यावं लागतं. आपल्याकडे आकडाच नाही, म्हणून उत्तरही नाही. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला, आपल्याकडे तसा कायदा नाही.

तर आता मागणं. जिल्ह्यासाठी एक आपत्कालीन सेवा अधिकारी नेमा, चारही यंत्रणांवर त्याचा रात्रीपुरता तरी अधिकार चालला पाहिजे, म्हणजे तो पंढरपूरला फोन करून ‘हा रुग्ण तुम्ही परत घ्या’ असं सांगू शकेल आणि त्यांना घ्यावाच लागेल. त्याच्या नावाचा आणि फोनचा फलक प्रत्येक कॅज्युअल्टीच्या दारावर लावा. अकराही तालुक्यांत अर्धवट तज्ज्ञ वाटण्यापेक्षा आधी पंढरपूर, अकलूज, बार्शी आणि अक्कलकोट एवढी चार ठिकाणं रात्री पूर्ण चालवा : भूलतज्ज्ञ, शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि रक्तसाठा, पाचही एकाच वेळी. बाकीच्या तालुक्यांचे आमदार रागावतील. रागावू द्या. कॅज्युअल्टीतला रुग्ण ठरावीक तासांत वॉर्डात गेलाच पाहिजे असा नियम सिव्हिलसाठी करा, आणि तो मोडला तर खुलासा सी.एम.ओ.कडून मागू नका, ज्या वॉर्डाने घेतला नाही त्या विभागप्रमुखाकडून आणि ज्या सचिवाने पदं भरली नाहीत त्याच्याकडून मागा. रुग्ण दारात आल्यापासून वॉर्डात जाईपर्यंत किती वेळ गेला, तो आकडा दर महिन्याला जाहीर करा, वाईट असला तरी. पहिले काही महिने तो लाजिरवाणाच असणार आहे.

पालकमंत्री महोदय, जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष आपण आहात. या समितीच्या बैठकीत इमारती मंजूर होतात, उद्घाटनाच्या कोनशिलेवर नावं बसतात. गुरुनानक चौकात उभी राहिलेली जिल्हा रुग्णालयाची नवी इमारतही सगळ्यांना दाखवण्यासारखी आहे. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर मात्र एकच विषय घ्या : गेल्या तीन महिन्यांत जिल्ह्यातून रात्री आठ ते सकाळी आठच्या दरम्यान रेफर झालेले रुग्ण, तालुकावार, रेफर करण्याचं कारण, आणि त्यांतले किती जिवंत पोचले. ही माहिती रेफरच्या चिठ्ठ्यांवर आणि १०८ च्या नोंदींत आहे, कुणीतरी एकत्र मांडायची बाकी आहे. बैठकीला सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण या दोन्ही खात्यांच्या मंत्र्यांनाही बोलवा, आणि ती माहिती बैठकीनंतर वर्तमानपत्रांना द्या.

कळावे,

आपली,
एक सेवानिवृत्त परिचारिका
सोलापूर

प्रत माहितीसाठी :
जिल्हाधिकारी, सोलापूर
मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, सोलापूर
आयुक्त, सोलापूर महानगरपालिका
जिल्हा शल्यचिकित्सक, सोलापूर